आमची आघाडीची फळी

महाराष्ट्रात टेबल टेनिसचं टेबल हे वस्तू ठेवण्यासाठी असतं, असं माझं आयुष्यभराचं निरीक्षण आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी आपल्या ओळखीचं एक टेबल डोळ्यांसमोर आणावं. कचेरीच्या मनोरंजन कक्षातलं आणा, सोसायटीच्या जिन्याखालचं आणा, क्लबातलं आणा. आता त्यावर काय आहे ते बघा. गेल्या गणपतीचं मखर आहे. पताकांचं गाठोडं आहे. एक पंखा आहे, तो दुरुस्त होऊन आला की दुरुस्तीला जायचा आहे, हे कुणालाच आठवत नाही. एका शाळेत (नाव सांगत नाही, उगाच चौकशी लागायची) मी टेबल पाहिलं तेव्हा त्यावर पोषण आहाराची पोती रचलेली होती आणि मधली जाळी मात्र बांधलेली होती. अलीकडे तांदूळ, पलीकडे मटकी. सर्व्हिस कुणाची होती, ते कळलं नाही.

आमच्या बँकेतही तेच. फोर्टातल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर टेबल होतं. एक ते दीड त्यावर डबे. दीड ते दोन आम्ही. मी तेवीस वर्षं टेबल टेनिस खेळलो ते लोणच्याच्या तेलावर. चेंडू अमुक एका जागी पडला की तो उसळत नाही, तिथे वसुली खात्यातल्या कुणाचा तरी डबा सांडतो, हे ज्ञान मला आणि आमच्या कॅशियरला सोडून कुणाला नव्हतं. आंतरबँक सामन्यांत आमचं काही चाललं नाही त्याचं कारण एवढंच, की परक्याचं टेबल स्वच्छ असायचं.

तर निवृत्तीनंतर कशेळ्याला, वडिलोपार्जित घरात, मी जेव्हा टेबल उभं करायचं ठरवलं तेव्हा ते खरोखरच उभं करायचं ठरवलं. म्हणजे निदान अर्धं. आडव्या वस्तूवर लोक काहीही ठेवतात, उभ्या वस्तूवर काय ठेवणार? अर्धं टेबल आडवं, आणि जाळीच्या जागी एक उभी फळी. चेंडू मारायचा, फळीवर आपटून तो परत येईल, आपल्या बाजूला एक टप्पा पडेल, पुन्हा मारायचा. एकट्यानं.

या 'एकट्यानं' शब्दावर जे रणकंदन झालं त्याचा हा वृत्तांत आहे, आणि मी मुळीच निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला हल्ला शेजारच्या गुरुजींनी केला. गुरुजी म्हणजे चाळीस वर्षं पोरांना ओरडून दमलेले आणि आता मोठ्यांना ओरडून ताजेतवाने होत असलेले गृहस्थ. ते म्हणाले, "दोघांचा खेळ एकट्यानं खेळायचा, म्हणजे स्वतःच स्वतःला अंतरपाट धरून मंगलाष्टका म्हणायच्या." हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की ते त्यांनी संध्याकाळी नाक्यावर मुरबाडच्या गाडीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसांनाही ऐकवलं.

आता मला सांगा, मल्लखांब म्हणजे काय हो? कुस्तीला समोर माणूस मिळेना, किंवा मिळालेला पुरेना, म्हणून पैलवानानं खांबाशी केलेली झटापट. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या नव्यानं उभी केली, तेव्हा त्यांना कुणी म्हणालं का, की "दादा, खांब उलटा डाव टाकत नाही, कशाला त्याच्या मागे लागता?" उलट आपण छाती फुगवून जगाला सांगतो, की हा आमचा अस्सल मराठी खेळ. (२०१३ साली त्याला राज्यक्रीडा म्हणून मान दिला तो मध्य प्रदेशानं, हे आपण जरा हळू सांगतो.) खांबाशी कुस्ती खेळणाऱ्याला हार घालायचे आणि फळीशी टेबल टेनिस खेळणाऱ्याला डॉक्टर सुचवायचा, हा कुठला न्याय?

ब्रॅडमनचं तर सगळ्यांना पाठ आहे. बोरलच्या घरामागे पाण्याच्या टाकीच्या विटांच्या बुंध्यावर हा पोरगा गोल्फचा चेंडू फेकायचा आणि परत येणारा चेंडू स्टंपानं मारायचा. ही गोष्ट गुरुजींनी वर्गात किमान चाळीस वेळा सांगितली असेल. मी त्यांना आठवण करून दिली तर म्हणाले, "तो ब्रॅडमन होता." अहो, तेव्हा नव्हता! तेव्हा तो भिंतीशी खेळणारा एक पोरगा होता. त्याच्या शेजारी गुरुजी राहत नव्हते, हे क्रिकेटचं नशीब.

आणि एकलव्य? त्यानं तर मातीचा गुरू केला. पण एकलव्याचं नाव काढलं की लोक अंगठ्याची चौकशी करतात, म्हणून ते उदाहरण मी मागे घेतलं.

दुसरा हल्ला शास्त्राच्या बाजूनं आला. पुतण्यानं पुण्याहून फोन केला. "काका, फळी-बिळी काय? रोबो घ्या. तो चेंडू फेकतो, तुम्ही मारायचे." मी विचारलं, मारलेल्या चेंडूंचं तो काय करतो? काही नाही, म्हणाला, ते जाळ्यात पडतात किंवा घरभर होतात. म्हणजे आपण काय मारलं याची रोबोला खबरही नाही! असे वरिष्ठ मी नोकरीत पुष्कळ पाहिले. ते फेकत राहायचे, आम्ही मारत राहायचो, आणि संध्याकाळी आम्हीच वाकून गोळा करायचो. निवृत्तीनंतर तेच पुन्हा, आणि तेही विकत? शिवाय कशेळ्यात पहिला वळीव पडला की वीज जाते. फळीला वीज लागत नाही. फळीला तुमच्या चेंडूचं उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर तुमच्याच चेंडूतून निघतं.

सुतारापाशी मात्र मी हरलो. टेबल टेनिसचं टेबल नऊ फूट लांब, पाच फूट रुंद आणि अडीच फूट उंच असतं. त्याचं अर्धं म्हणजे साडेचार बाय पाच. प्लायवूड मिळतं आठ बाय चार. ज्यांनी हे माप ठरवलं त्यांनी सुताराला विचारलं नव्हतं, हे उघड आहे. कर्जतहून टेम्पोत आलेल्या त्या एका आठ बाय चारकडे आम्ही दोघं बराच वेळ बघत होतो. शेवटी सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि म्हणाला, "सायेब, रुंदीचा एक फूट सोडा. साडेचार फुटाचा पाट होतोय, राहिलेल्या साडेतीनची फळी होतेय. तुकडा वाया नाय." अखिल जगाचे नियम आणि तुकडा वाया न जाणं यांत कशेळ्यात काय जिंकतं ते सांगायला नको. एक फूट सोडला. तशीही माझी बॅकहॅन्ड पूर्वीपासून एक फूट कमीच पडायची.

पण उसळीचा नियम मी सोडला नाही. चेंडू तीस सेंटिमीटरवरून सोडला तर तो तेवीसच्या आसपास उसळला पाहिजे, असा दंडक आहे. मी पोरांची फूटपट्टी घेऊन ओणवा झालो. कडेला बावीस आला, मधोमध अठरा. सुतार म्हणाला, वाकतंय, खाली पट्ट्या मारू. पट्ट्या मारल्या, एकवीस झाला. लावणीची बोलणी करायला आलेल्या दोन बाया पडवीच्या पायरीवर उभ्या राहून हे बघत होत्या. सत्तरीतला माणूस पुन्हा पुन्हा चेंडू सोडतोय, पट्टी धरतोय आणि पुटपुटतोय. त्यातली एक हिला हळूच म्हणाली, "बाईंनू, आजोबांना कधीपासून असं व्हतंय?"

आता फळीचा स्वभाव सांगतो, कारण विरोधकांना वाटतं की फळी म्हणजे निर्बुद्ध लाकूड. पहिल्या दिवशी मी जोरात टॉपस्पिन मारला. चेंडू परत आला तो टप्पा पडल्यावर जागच्या जागी बसला, चॉप! मी चक्रावलो. मग रात्रभर विचार करून उमगलं. चेंडू ज्या दिशेनं स्वतःभोवती फिरत गेला, गुळगुळीत लाकडावर आपटूनही त्याच दिशेनं फिरत राहिला; उलटली ती फक्त त्याच्या प्रवासाची दिशा. जाताना जो टॉपस्पिन होता, येताना तोच चॉप. मी काहीच वेगळं केलं नव्हतं, फळीनंही केलं नव्हतं, आणि तरी उत्तर उलटं आलं. संसारात हे रोज होतं; शास्त्रीय कारण मला त्या रात्री कळलं.

यावर उपाय रबर. फळीला बॅटीचं रबर चिकटवलं की ते चेंडूला धरतं आणि त्याची फिरकीच उलटवतं. मग टॉपस्पिनला टॉपस्पिन परत येतो. पण असं धरलेला चेंडू फळीवरून वर उडी घेतो. म्हणून फळी वरच्या अंगानं आपल्याकडे किंचित कलती हवी. ती मागे कलली तर चेंडू पडवीच्या कौलांकडे आणि तिथून आंब्यावर. सुतारानं खाली बिजागऱ्या आणि बाजूला खिडकीचा आकडा लावून दिला. आकडा एका भोकातून दुसऱ्यात घातला की प्रतिस्पर्धी बदलतो. दुसऱ्या भोकातला प्रतिस्पर्धी मला आवडतो. तिसऱ्यातला तापट आहे.

रबर कुठून आणायचं? जुन्या खेळगड्यांना फोन केले. लोक बॅटीचं जुनं रबर टाकत नाहीत, कपाटात ठेवतात. त्याचं काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नसतं. दादरहून तीन तुकडे आले, डोंबिवलीहून चार. लाल, काळे, एक दाणेदार. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडून सोल्यूशन आणून मी ते फळीच्या डाव्या अंगाला चिकटवले. गोधडी दिसू लागली. कुणाची कुठली चिंधी ते मला ठाऊक आहे.

एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर गुरुजी सांगतील. फळी फार लवकर परत देते. माणसाशी खेळताना आपला चेंडू नऊ फूट जातो, त्याचा नऊ फूट येतो. मधल्या वेळात माणूस घाम पुसतो, जांभई देतो. फळीकडे सगळा मिळून नऊ फुटांचा हिशेब. निम्म्या वेळात चेंडू दारात हजर. आणि फळी सर्व्हिस करत नाही. प्रत्येक गुणाची सुरुवात मीच करायची. सगळे म्हणतात, यांची सर्व्हिस संपली. मला तर उलट ती आता कायमची लागली आहे.

गुणांचं म्हणाल तर मी एकवीसपर्यंत मोजतो. २००१ साली डाव अकरावर आणला, त्याआधी २००० साली चेंडू अडतीस मिलिमीटरचा चाळीस केला, पुढे २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिकचे चेंडू येऊ लागले. माझी कुणी संमती घेतली नाही. दुकानात मिळतो तो चेंडू मी निमूट घेतो, पण डाव एकवीसचा. फळीची तक्रार नाही.

"अहो पण माणसात मिसळा ना!" हा तिसरा हल्ला, आणि तो सगळ्यात गोड आवाजात होतो. ज्येष्ठ नागरिक संघात या. सकाळी चाला. भजनाला बसा. या सूचनांमागे एक ठाम समजूत असते, की एकटा माणूस काहीही करत असला तरी तो एकटेपणाच करत असतो. एकटा माणूस पेटी वाजवत बसला तर रियाज. जपमाळ ओढली तर साधना. पत्त्यांचा पेशन्स लावला तर निरुपद्रवी. एकट्यानं कॅरम तर प्रत्येक मराठी घरात कुणी ना कुणी खेळलेलं आहे. दुपारी, सगळे झोपलेले असताना, चारही बाजूंनी, आणि राणी स्वतःलाच देऊन. पण चड्डी घालून घाम गाळत एकटा म्हातारा खेळला की लोक हळू बोलू लागतात. म्हाताऱ्यानं एकट्यानं बसावं, याला हरकत नाही. हलू नये.

आणि माणसं मी शोधली नाहीत असं नाही. गुरुजी स्वतः दोनदा आले. ते बॅट माशा मारल्यासारखी वापरतात आणि चेंडू बाहेर गेला की "वारा होता" म्हणतात. खांडसच्या रस्त्याला एका मुंबईकराचं फार्महाऊस आहे, तिथे परदेशी टेबल आहे. एका शनिवारी मोठ्या आशेनं गेलो. त्यावर बर्फाचं भांडं, चिप्स आणि कबाबाच्या काड्या होत्या. गावातली पोरं येतात, दहा मिनिटं फळीवर दणादण मारतात, दोन चेंडू चेपतात आणि क्रिकेटला पळतात. पळू देत. त्यांचं वय पळायचं आहे.

गुरुजी एकदा चिडून म्हणाले, "तुम्हाला फळी नको आहे, माणूस हवा आहे." त्यांच्या सगळ्या बोलण्यात हे एकच खरं होतं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर आहे. होय, हवा आहे. कुठला तेही ठाऊक आहे. सर्व्हिसच्या आधी नोटा मोजताना लावतात तशी अंगठ्याला जिभेची थुंकी लावणारा. चेंडू टेबलाच्या कडेला लागून गुण मिळाला तर जगभर रिवाज आहे, हात वर करून दिलगिरी दाखवायची. तेवीस वर्षांत एकदाही तो हात वर न करणारा. सगळी दुनिया स्पंजवर गेली तरी शेवटपर्यंत दाणेदार रबराची जुनी बॅट न सोडणारा. १९५२ साली मुंबईत जागतिक स्पर्धा झाली, आशियात पहिल्यांदाच, ती आपण वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिली असं तो सांगायचा. जपानच्या हिरोजी सातोनं जाड स्पंजच्या बॅटीनं तिथे विजेतेपद मारलं. बॅटीचा आवाजच येईना, आणि टक् ऐकून चेंडू ओळखणारे भलेभले गोंधळून गेले. कॅशियर ही हकिगत सांगताना आवाज न करता हात फिरवायचा. "आवाज गेला की माणूस संपला," म्हणायचा, "कान निम्मा खेळ खेळतो." दहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर कोण बसवतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

तो गेला त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर दीड वर्ष मी बॅटीचं कव्हर उघडलं नव्हतं. तेव्हा कुणी मला भजनाला बोलावलं नाही. तेव्हा मी शहाण्यासारखा खुर्चीत बसलेला असायचो आणि सगळ्यांना बरं वाटायचं. दुसरा माणूस शोधा म्हणणाऱ्यांना वाटतं, जोडीदार म्हणजे कॅरमचा स्ट्रायकर आहे. हरवला तर नाक्यावरून नवा आणावा. मी त्याच्या जागी फळी ठेवलेली नाही. जागा त्याची आहेच. त्या जागेवर चेंडू मारायचा तर तो परत यायला काहीतरी हवं, एवढंच.

आमच्या हिचा विरोध मात्र तात्त्विक नव्हता. तिचं म्हणणं आवाजाबद्दल होतं. दुपारी दोन ते तीन, पडवीत टक-टक, टक-टक. "सुतारपक्षी बरा," म्हणायची, "तो निदान झाड बदलतो." उभ्या वस्तूवर काही ठेवता येत नाही, हा माझा सिद्धान्तही तिनं आठवड्यात निकालात काढला. फळीच्या वरच्या कडेवर एका सकाळी दोन पंचे आणि एक परकर वाळत होता.

मी पंच्यांबद्दल बोललो नाही, पण आवाजाबद्दल काही करावं असं मनात आलं. ठाण्याच्या एका मित्रानं जाड स्पंजवालं रबर एकरकमी पाठवलं, एका क्लबानं टाकलेलं. दोन दिवस खपून मी फळीचा राहिलेला सगळा भाग मढवला. तिसऱ्या दिवशी दुपारी खेळायला उभा राहिलो. काय सांगू! टक् गेलं आणि थप्प असं काहीतरी राहिलं, तेही फळीजवळ कान नेला तर. बॅटीलाही नवा स्पंज. चेंडू जातोय, येतोय, आवाज नाही. बाहेर पाऊस धरलेला. पंधरा गुण झाले, सोळा झाले. सातो असाच खेळला असेल, असं मनात आलं.

इतक्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं आणि ही धावत पडवीत आली. हात कणकेनं भरलेले. मला उभा बघून चौकटीला टेकली.

"काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही." तिला दम लागला होता. "सगळं गप्प झालं म्हणून बघायला आले."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. चेंडू घरंगळत पायरीखाली गेला तो तिनंच उचलला, कणकेच्या हातानं, आणि टेबलावर ठेवला.

"ते रबर," ती आत जाता जाता म्हणाली, "कितीला पडलं?"

"फुकट आलं."

"मग निम्मं काढून टाकलं तरी नुकसान नाही."

संध्याकाळी मी उलथनं गरम करून उजवीकडचं रबर सोडवायला घेतलं. पंक्चरवाल्याचं सोल्यूशन कमालीचं चिवट निघालं. गुरुजी कुंपणावरून बघत होते. "काय," म्हणाले, "फळीनं हरवलं वाटतं?"